आठवा मुद्दा

३ मार्च

आज मुलीबरोबर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. तिने बोलावले म्हणून गेलो. एरवी या विषयात तिने मला गेली नऊ वर्षे दाराबाहेर ठेवले होते, आणि बाहेर राहणे मीही सोयीचे मानले होते.

वस्तुस्थिती अशी. गर्भाशयाच्या आत असते तसले अस्तर तिच्या शरीरात बाहेरही वाढते: बीजकोशांवर, आतड्यावर, मागच्या बाजूला. दर महिन्याला तेथेही रक्त सुटते. त्याला वाट नसते, आणि हळूहळू एक अवयव दुसऱ्याला चिकटत जातो. दोनदा दुर्बिणीने साफ करून झाले. गोळ्या झाल्या, इंजेक्शने झाली. आता खुद्द गर्भाशयाच्या स्नायूतही ते शिरले आहे.

डॉक्टरबाई पंचावन्नच्या असाव्यात. बोलताना समोरच्याकडे पाहतात, कागदांकडे नाही. म्हणाल्या, “गर्भाशय काढून टाकणं हा एक मार्ग आहे. एकमेव आहे असं मी म्हणणार नाही. वय एकोणतीस, मूल नाही, आणि हे एकदा काढलं की काढलं. अठरा एप्रिलची तारीख धरून ठेवते. पण शंका घेऊन टेबलावर येऊ नका.”

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, “हिच्या आईला असा त्रास होता?”

“नाही,” मी म्हणालो.

मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. तिची आई जाऊन आठ वर्षे झाली. या प्रश्नाचे उत्तर देणारा आता मीच उरलो आहे.

६ मार्च

मुलगी भूमापनाच्या कार्यालयात आहे. तिपाईवर यंत्र बसवायचे, दूर उभ्या केलेल्या पट्टीवरचा आकडा त्यातून वाचायचा आणि वहीत उतरवायचा. जमिनीचा चढउतार असा मोजतात. तिचे आकडे दुसऱ्यांदा तपासावे लागत नाहीत, म्हणून सहकारी तिला ‘मिलिमीटर’ म्हणतात.

आज दुपारी एका सहकाऱ्याने तिला गाडीतून घरी आणून सोडले. रस्त्याच्या कडेला ती गुडघ्यांत डोके घालून बसली होती, म्हणाला. पण त्याआधी तिने शेवटचे वाचन पूर्ण केले होते आणि यंत्र पुसून पेटीतही ठेवले होते. त्याने हे कौतुकाने सांगितले. मीही कौतुक म्हणूनच ऐकले.

निघताना तो दारात घुटमळला. “काका, साहेब विचारत होते, हिला आता बाहेरच्या कामावरून काढून ऑफिसात बसवू का?”

आतल्या खोलीतून आवाज आला, “साहेबांना म्हणावं, अजून श्राद्ध घालू नका.”

तो हसला. ती हसली की नाही ते दिसले नाही.

९ मार्च

आज जेवताना तिने विषय मांडला. या शब्दांना आमच्या घरात निश्चित अर्थ आहे, तो लिहून ठेवतो.

मी एकतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. ती आठ वर्षांची असताना मी जेवणाच्या टेबलासाठी तीन नियम केले. आपली बाजू सांगण्याआधी समोरच्याची बाजू अशी मांडून दाखवायची की त्याने “होय, हेच माझे म्हणणे” असे म्हटले पाहिजे. ज्याला उत्तर देता येत नाही, तो हरला. आणि निकाल लागलेला विषय हरलेल्याने पुन्हा काढायचा नाही. काढायचा असेल तर जिंकलेल्याने. तिसरा नियम मी निव्वळ भुणभुण बंद व्हावी म्हणून केला होता, हे कबूल केले पाहिजे. माझी धाकटी बहीण आमच्या टेबलाला ‘कोर्ट’ म्हणते आणि तेथे जेवायला बसण्याआधी “खुर्चीवर बसायची परवानगी आहे ना?” असे विचारते.

मुलगी म्हणाली, “बाबा, मी करून घ्यायचं ठरवलंय. पण तुम्ही विरुद्ध बाजू मांडा. हातचं राखून नको. त्यातून टिकले तर शंका राहणार नाही.”

“माझ्यापेक्षा डॉक्टर अधिक चांगली मांडतील.”

“डॉक्टर मला ओळखत नाहीत. तुम्हाला माझं दुखरं कुठंय ते माहीत आहे.”

हे विधान तपासून पाहण्याजोगे होते. मी हो म्हणालो.

१४ मार्च

सात पाने झाली. शस्त्रक्रियेने रोग मुळापासून जाईल अशी हमी कोणी देत नाही. एक औषध अजून वापरून पाहिलेले नाही. वेदनेत असलेल्या माणसाला वेदना थांबवणारा प्रत्येक मार्ग योग्य दिसतो, म्हणून त्याचा कौल कमी विश्वासार्ह ठरतो. मुद्दे चांगले आहेत. पुष्कळ दिवसांनी लिहिताना हात चालतो आहे. आज दुपारचा चहा घ्यायचा राहून गेला.

१९ मार्च

सकाळी दहाला बसलो. ती पाठीशी उशी घेऊन बसली होती. मी अकरा पाने वाचली, आठ मुद्दे. तिने मध्ये एकदाही अडवले नाही.

पहिले सात मुद्दे तिने मला परत मांडून दाखवले, आणि दोन ठिकाणी ते माझ्यापेक्षा नेटके होते. उत्तरेही दिली. वेदनेत घेतलेल्या निर्णयाबद्दल म्हणाली, “मी महिन्यातले सोळा दिवस बरी असते. या सोळा दिवसांतही माझं मत तेच असतं. वहीत तारखांसकट लिहिलंय, दाखवू?” दाखवायची गरज नव्हती. मी तो मुद्दा मागे घेतला.

आठवा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तो असा: पस्तिसाव्या वर्षी तू जी स्त्री होशील तिला मूल हवे असेल, तिचे मत आज कोणी विचारलेले नाही, ती येथे हजर नाही, म्हणून तिच्या वतीने मी बोलतो. हे वाचताना मध्येच थांबून पाणी प्यालो.

तिने बराच वेळ घेऊन तो मांडला. “आज मी जे काढून टाकीन ते माझ्या एकटीचं नाही. पुढे जी मी होणार आहे तिचंही आहे. ती आली की रिकामं घर बघेल, आणि मी तिला तोंड दाखवायला नसेन.”

“होय,” मी म्हणालो, “हेच माझे म्हणणे.” खरे तर माझे म्हणणे इतके चांगले नव्हते.

मग ती थांबली. घड्याळाप्रमाणे चार मिनिटे. भिंतीकडे पाहत होती.

“उत्तर नाही,” ती म्हणाली, उशी उचलली आणि खोलीत गेली.

नियमाप्रमाणे विरुद्ध बाजू जिंकली.

२० मार्च

तिने रुग्णालयात फोन करून अठरा एप्रिलची तारीख सोडली. कारण विचारले असावे, कारण ती म्हणाली, “शंका आहे.” मग कामावर गेली.

चर्चा निर्दोष झाली. तरीही आज वाचनात लक्ष लागले नाही.

२३ मार्च

बहीण आली. मुलीच्या खोलीत अर्धा तास काढून माझ्यासमोर येऊन बसली. परवानगी विचारली नाही.

“जिंकलास म्हणे.”

“प्रश्न जिंकण्याचा नव्हता. तिनेच मला विरुद्ध बाजू...”

“दादा, मुद्दे नको. तुझ्या डोक्यात शिरत नाही म्हणून सांगते, पोरीनं तुझ्यासाठी सोडलंय ते. आणि सोसणार ती. अगदी आईवर गेलीय.”

कशात, असे मी विचारले.

“वहिनी दर महिन्याला दोन दिवस माझ्याकडे यायची, ती काय गप्पा मारायला? पडदे ओढून पडून असायची. गरम पाण्याची पिशवी माझ्या घरी होती, तुमच्या घरी नव्हती.”

“मला ती कधी बोलली नाही.”

“तुला काही सांगायचं म्हणजे आधी तुझी बाजू मांडून दाखवायची. तिच्यात तेवढा दम नसायचा त्या दिवसांत.”

हा विनोद असावा. आमच्या घरी तो तिच्याशिवाय कोणी करत नाही.

बहिणीकडे जाते म्हटले की मी पत्नीला फळे बरोबर देत असे. आमचे मूल लग्नानंतर अकराव्या वर्षी झाले. या दोन गोष्टी मी आजवर शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

२४ मार्च

सकाळी रुग्णालयात फोन केला आणि ३ मार्चचे माझे विधान दुरुस्त करून घेतले.

“म्हणजे आईला त्रास होता?” पलीकडच्या बाईंनी विचारले.

“होता.”

“किती वर्षं?”

“माहीत नाही असे लिहा.”

त्यांनी लिहून घेतले. कोणाचाही स्वर बदलला नाही.

३ एप्रिल

परवापासून ती घरी आहे. वेदना कशा असतात हे मी प्रथमच जवळून आणि सलग पाहिले. आजवर ती या दिवसांत दार लावून घेत असे, आता तिला उठून दार लावणे होत नाही. ती ओरडत नाही. श्वास घेते, मध्येच अडवते, पलंगाच्या कडेला बोटे रोवते आणि काही वेळाने बोटे एकेक करून सोडवते. काल खाल्लेले काहीच पोटात राहिले नाही. चादर दोनदा बदलली. दुसऱ्यांदा मी ती बदलत असताना मुलगी माझ्याकडे न पाहता म्हणाली, “तुम्ही बाहेर थांबा. तुम्हाला सवय नाही.”

कार्यालयातून चिठ्ठी आली. एक तारखेपासून तिला आत बसवले आहे. दुसऱ्यांनी मोजलेले आकडे तिने तपासायचे. तिने चिठ्ठी वाचून उशीखाली घातली.

मी विचारले, “पुन्हा तारीख घ्यावी असे वाटत नाही का?”

“निकाल लागलाय ना,” ती म्हणाली.

हे ती उपरोधाने म्हणाली असे मला आधी वाटले. चेहऱ्यावर तसे काही नव्हते. तिसरा नियम आठ वर्षांच्या मुलीसाठी होता. तो रद्द झाल्याचे मात्र मी कधी सांगितले नव्हते.

४ एप्रिल

अकरा पाने पुन्हा वाचली, विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका वाचावी तशी, पेन्सिल घेऊन. सात मुद्द्यांत दोष नाही. पण त्यांना उत्तरे मिळालेली आहेत.

आठव्यात दोन दोष सापडले. पस्तिसाव्या वर्षीच्या त्या अनुपस्थित स्त्रीच्या वतीने मी बोललो आणि तिची इच्छा तेवढी मोजली. पण तेथवर पोचायला तिला सहा वर्षे लागतील. महिन्याला असे चार दिवस धरले तरी तीनशेच्या घरात जातात. ते दिवसही तिचेच आहेत. ते मी वगळले. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने असे केले असते तर मी समासात ‘सोयीस्कर विसर’ असे लिहिले असते.

दुसरा दोष अधिक गंभीर. तिला मूल हवे असेल, या विधानाला पुरावा कोणता? अकरा पानांत शोधला. नाही. तरीही ते मी पूर्ण खात्रीने केले होते. ज्या विधानाला पुरावा लागतो असे आपल्या मनातही येत नाही, ते बहुधा आपल्याविषयीचे असते.

५ एप्रिल

सकाळी सात वाजता न्हाणीघराचे दार बंद होते आणि ती आत होती. मी स्वयंपाकघरातले स्टूल आणून दाराबाहेर बसलो. जे झाले ते होईल तितके शब्दशः लिहितो.

“मी विषय पुन्हा उघडतो आहे. जिंकलेल्या बाजूला तो अधिकार आहे.”

“बाबा, मी फरशीवर बसलेय.”

“मी स्टुलावर बसलो आहे.”

काही वेळ पाण्याचा आवाज. मग, “किती मुद्दे आहेत?”

“पाच.”

“एक ठेवा. पाच माझ्याच्यानं होणार नाहीत.”

कोणता ठेवायचा हे ठरवायला मला वेळ लागला. हातातली टिपणे निरुपयोगी होती. मी म्हणालो, “आठवा मुद्दा तुझा नव्हता. मला नातवंड हवे होते.”

मला वाटले ऐकू गेले नाही, म्हणून पुन्हा म्हणणार होतो.

“तुम्हाला नातवंड हवं होतं,” ती सावकाश म्हणाली, “आणि ते तुम्ही माझ्या नावावर मागितलंत.”

“होय. हेच माझे म्हणणे.”

“आता?”

“आता मागत नाही.”

आत काहीतरी घसरून पडल्याचा आवाज झाला, साबण असावा. ती हसत होती की रडत होती हे दाराआडून ठरवता येत नाही, आणि मी अंदाज केला नाही. मग ती म्हणाली, “दार उघडते, पण आत बघू नका. टॉवेल द्या. जुना द्या, नवा खराब होईल.”

दुपारी तिने स्वतः फोन केला. नऊ मे.

९ मे

आठ वाजता आत नेले. स्ट्रेचरवरून ती म्हणाली, “बाबा, बाहेर कुणाशी वाद घालू नका. भूल दिलेली असेल, सोडवायला येता येणार नाही.”

प्रतीक्षागृहात हिरव्या खुर्च्या आहेत, भिंतीला जोडलेल्या. शेजारी एक गृहस्थ होते. त्यांची सून बाळंत व्हायची होती. त्यांनी सगळी हकीकत सांगितली आणि मग विचारले, “तुमची किती नातवंडं?”

“नाहीत.”

“होतील हो, होतील. वेळ यावी लागते.”

विधान असत्य होते. मी ते दुरुस्त केले नाही. बहीण शेजारी होती. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि त्या गृहस्थांना विचारले की सुनेचे माहेर कुठले. मग ते दोघे बोलत राहिले.

सव्वा बाराला डॉक्टरबाई बाहेर आल्या. गर्भाशय काढले. ते आतड्याला चिकटलेले होते, सोडवायला वेळ लागला. डावा बीजकोश गेला, उजवा राखला. “दर महिन्याचं हे आता नाही. पण इथून पुढे कधीच दुखणार नाही असं मी लिहून देणार नाही. काही डाग आतड्यावर राहिलेत, त्यांना हात लावला नाही.”

मी त्यांचे म्हणणे परत सांगून दाखवले. “बरोबर समजलात,” त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, “आईची माहिती कळवलीत ते बरं केलंत.”

१३ मे

चौथा दिवस. ती आज भिंतीला धरून खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. परिचारिका म्हणाली, “किती पावलं?” मुलगी म्हणाली, “बावीस. परत येताना तेवीस. कुठंतरी एक चुकलंय.”

दुपारी आम्ही दोघेच होतो. मला वाटले, आता हा विषय बंद झाला हे स्पष्ट सांगावे. म्हणून म्हणालो की आठव्या मुद्द्याचा तिने मुळीच विचार करू नये; तो माझा होता, तो मी मागे घेतला आहे.

ती छताकडे पाहत होती. “तुमच्या एकट्याचा नव्हता, बाबा.”

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

“मलाही हवं होतं. म्हणून तर उत्तर नव्हतं त्या दिवशी. तुमच्यासाठी सोडलं असं आत्याला वाटतं. तिला वाटू दे.”

“मग न्हाणीघरातून हे का सांगितले नाहीस?”

“तुम्ही एवढ्या कष्टानं तो आपल्या अंगावर घेतला होता. आणि मला तारीख हवी होती.” मग म्हणाली, “दोन्ही हवं होतं. एक घेतलं. चुकलं नाही, एवढं मला माहीत आहे. पण रडू येतंय, आणि रडलं की टाके ओढले जातात.”

तिने पोटावर उशी दाबून धरली आणि रडली. परिचारिकेने कालच हे शिकवले होते, खोकण्यासाठी.

म्हणजे ४ एप्रिलला मी जो दोष म्हणून शोधला तो दोष नव्हता. पुरावा होता, मला दाखवलेला नव्हता इतकेच. चुकीच्या आधारावर मी योग्य ते बोललो. यात समाधान मानावे की नाही हे मला ठरवता आलेले नाही. ती रडत होती तोवर मी उशीचे दुसरे टोक धरून बसलो.

२२ मे

घरी येऊन आठवडा झाला. कार्यालयातून साहेबांचा फोन आला; जुलैपासून बाहेरचे काम परत देतो म्हणाले. ती म्हणाली, “तोवर तुमचे आकडे तपासतेय. कुणीतरी पट्टी तिरकी धरतोय, त्याला सांगा.” उजव्या बाजूला अजून ठणका आहे, तो टाक्यांचा की राहिलेल्या डागांचा हे कळायला महिना जाईल.

संध्याकाळी मी औषध द्यायला गेलो तेव्हा ती कुशीवर वळून पडली होती. म्हणाली, “बसा. काही मांडायचं नाहीये. नुसतं सांगायचंय.”

बसलो.

मुलगी झाली तर ठेवायचे म्हणून तिने एक नाव ठरवले होते. बारा-तेरा वर्षांची असल्यापासून. आईला सांगितले नव्हते, आत्यालाही नाही. आजवर ते तिने मोठ्याने उच्चारलेसुद्धा नव्हते; घरात एकटी असतानाही नाही. आज तिने ते उच्चारले.

मी ते परत म्हणून दाखवले.

“होय,” ती म्हणाली. “परत म्हणा.”

पुन्हा म्हणालो. ती डोळे मिटून ऐकत होती. आणखी एकदा म्हणायला लावले. मग गोळी घेतली, पाणी प्याली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

ते नाव मी येथे लिहीत नाही.